बेबीनंदामावशीचं पातेलं

"आमचं पातेलं कुठंय?"

इतक्या वर्षांनी भेटलेला माणूस पहिलं वाक्य हे बोलतो! मी धुळीने माखलेली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली… आणि दारात शेजारचा राजानंद. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. मेला आणखीच देखणा झाला होता.

मंठ्याचं आमचं घर विकलं होतं. संध्याकाळी चावी देऊन जालन्याला पप्पांकडं परतायचं होतं, आणि एका स्थळाला हो की नाही, तेही आजच कळवायचं होतं. आवरायला मी हट्टाने एकटीच आले. कुणाला बघायला, ते स्वतःशीही कबूल करत नव्हते.

"कोणतं पातेलं?"

"पितळी. आईचं नाव घातलेलं. बुद्धपौर्णिमेची खीर भरून दिल्तं तुमच्याकडं."

आठवलं. भांडं रिकामं कसं परत करायचं, काहीतरी गोड करून देऊ, म्हणून माझ्या आईने ते ठेवून घेतलं होतं. तेवढ्यात पप्पांची बदली झाली. राजाची आई, बेबीनंदामावशी, तर गेल्या वर्षी वारल्या. आणि मी आज सकाळीच सगळं पितळ, नावं न वाचता, मोडीत काढलं होतं.

"राजा… वसंता भंगारवाला घेऊन गेला रे."

तो तडक गाडीकडे वळला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने गाडी सुरू केली, आणि मी न विचारताच मागे बसले.

शाळा मागे पडली. विहाराजवळचा लिंब आला. तिथं आम्ही एकमेकांना लिंबोळ्या मारायचो. आता तरी हा मान वळवेल, असं वाटलं. छे!

"लग्न ठरलं म्हणे तुझं," तो समोर बघतच म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"समदं गाव म्हणून राह्यलंय."

"आणि तू नुसता ऐकून राह्यलास!"

वसंताच्या दुकानामागे घण चालू होते. एकेक भांडं चपटं होत होतं. "थांबा हो!" म्हणत आम्ही दोघं ढिगात घुसलो. हाताला खरचटलं, पण कुठे थांबणार? शेवटी सापडलं. काठ दबलेला, नाव शाबूत. राजानंदने ते बाहीने पुसलं आणि तोंड फिरवून उभा राहिला. मला रडूच फुटलं.

"चुकलं रे माझं…"

"भांड्यावरचं नाव वाचलं न्हाई ते जाऊ दे. पण माणूस तरी वाचायचा की!"

"माणसाने तोंड उघडावं मंग."

तो वळला. डोळे लाल झालेले. "पातेलं फोनवरबी मागता आलं असतं. तू आली कळलं, तर बँकेत रजा टाकून पळत आलो. अक्षता… नको करू ते लग्न."

मी काही बोलणार, तोच पप्पांचा फोन.

"स्थळाकडच्यांनी दोनदा विचारलं. काय सांगू?"

राजानंदचा चेहरा उतरला.

"नाही म्हणा, पप्पा."

"कारण विचारतील."

"कारण… माझ्यासमोर उभं आहे."

मी डोळे गच्च मिटून घेतले.

"शेजारचा राजा का?"

"…हो."

"मंग जेवायलाच घेऊन ये त्याला. जल्दी निघा."