विश्वासचा शर्ट

विश्वास आणि शर्मिलाचं जवळजवळ सगळं आयुष्य कुवेतमध्ये, अहमदीतल्या कंपनीच्या घरात गेलं. मुलगी शलाका तिथंच वाढली, शिकली आणि पुढे टोरांटोला गेली. विश्वास मूळचा नाशिकचा, डोंगरात हिंडून वाढलेला. कुवेतच्या सपाट जमिनीवर नजर टेकवायला काही नाही, उंच म्हणायचं तर पाण्याच्या टाक्या, ही त्याची कायमची तक्रार. दरवर्षीची रजा कुणाच्या तरी लग्नात नाहीतर दुखण्याखुपण्यात संपायची. निवृत्तीआधीची शेवटची रजा मंजूर झाली तेव्हा तो म्हणाला, "या वेळी नाशिकला कुणाला कळवायचंच नाही. आपण दोघंच डोंगरात जाऊ."

ते उत्तर थायलंडला गेले. चियांग मायहून पश्चिमेला चढत जाणारा घाटरस्ता, एक वळण सुटलं की दुसरं तयार. एका खेड्यात, खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी घरात त्यांनी खोली घेतली. घरच्या म्हातारीला सगळे 'याय' म्हणत, म्हणजे आजी. तिची नात नोई इंग्रजी बोलायची. सकाळी दरीतून धुकं वर यायचं आणि चुलीवर बांबूच्या टोपलीत चिकट भात वाफवत असायचा. तो हातानेच मुटके करून खायचा. खाओ सोई पहिल्यांदा पुढ्यात आली तेव्हा विश्वास हसतच सुटला. तिखट रस्सा, त्यावर कुरकुरीत तळलेल्या शेवया, बाजूला कांदा, लिंबू.

"अगं, ही तर यांची मिसळ," तो म्हणाला आणि दुसरा वाडगा मागितला. इतका मोकळा नवरा शर्मिलाने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

एका सकाळी ते धबधबा बघायला निघाले. गावाखालच्या वळणावर गाडी ओल्या रस्त्यावरून घसरली आणि खाली गेली. विश्वास जागच्या जागी गेला. शर्मिलाला नुसतं खरचटलं.

शलाका मिळेल त्या विमानाने आली. अंत्यसंस्कार चियांग मायलाच झाले. कागदपत्रांसाठी शलाका शहरात थांबली आणि सामान आणायला शर्मिला एकटीच त्या गावात गेली. यायने तिला चुलीपाशी बसवलं, तिचे हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं.

"आजी म्हणते, मोठा धक्का बसला की माणसाचा जीव त्याच जागी अडकून राहतो," नोईने समजावलं. "त्याला हाक मारून परत न्यावं लागतं. नाहीतर माणूस घरी जातो, पण रिकामा जातो. तुमचा एखादा कपडा आणा. आपला कपडा बघितला की तो ओळखून येतो."

शर्मिला खोलीत गेली. बॅगेत वरच तिचा हिरवा कुर्ता होता. त्याखाली विश्वासचा निळ्या पट्ट्यांचा शर्ट. कॉलरला अजून त्याच्या मानेचा वास येत होता. कुर्ता तसाच ठेवून ती शर्ट घेऊन बाहेर आली.

यायने तो उलगडून पाहिला. तिने विचारलं ते नोईने सांगितलं, "हा तुमचाच ना?"

"माझाच," शर्मिला म्हणाली.

म्हातारीने पुन्हा विचारलं नाही. अपघात झालेल्या वळणावर जाऊन तिने केळीच्या पानावर भात, उकडलेलं अंडं आणि केळी मांडली. मग मासे धरायची एक लहान जाळी घेऊन ती हवा उपसू लागली आणि दरीकडे तोंड करून हाका मारू लागली. रुसलेल्या पोराला घरी बोलवावं तसा सूर. शेवटी तिने जाळी शर्टावर उपडी केली, शर्टाची घडी घातली आणि पांढऱ्या दोऱ्याने बांधली. शर्मिलाच्या हातात घडी आली तेव्हा ती जड लागली. धुक्याने ओली झाली असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

अहमदीचं घर रिकामं करायला कंपनीने मुदत दिली होती. आवराआवर करायला शर्मिला परतली. शलाका सोबत यायला तयार होती, पण हिनेच तिला कामावर धाडलं. घरात आल्यावर तिने शर्ट विश्वासच्या उशीवर ठेवला आणि दोरा सोडला.

आधी वास आला. ओल्या लाकडाच्या धुराचा. बाहेर उन्हाने अंगणातली फरशी पोळत होती आणि बेडरूममध्ये डोंगरातल्या सकाळीसारखा गारवा. एसी बंद केला तरी तो गेला नाही. मग भर दुपारी सपाता वाजू लागल्या. टाच घासत चालायची विश्वासची सवय होती, तसाच आवाज, बेडरूममधून हॉलकडे. शर्मिला भ्यायली नाही. उशीत तोंड खुपसून ती पोटभर रडली, आणि त्या दिवसापासून दोघांचा चहा करू लागली.

त्या चहाला चव मात्र लागेना. साखर वाढवली, आलं ठेचून घातलं, तरी नुसतं गरम पाणी. आंबा कापला तर त्यालाही वास नाही. फहाहीलच्या जमियामध्ये, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानात, सामान आणायला गेली, तर तिथलं आपोआप उघडणारं दार तिच्यासाठी उघडलंच नाही. मागून एक बाई आली, तिच्यासाठी उघडलं, तेव्हा तिच्यामागून ही आत शिरली.

"आई, उजेडात बस ना, I can't see your face," शलाका फोनवर म्हणायची. शर्मिला खिडकीसमोरच बसलेली असायची.

रुकय्या तिची जुनी मैत्रीण, रत्नागिरीकडची. एका सकाळी ती तळलेल्या पापलेटचा डबा घेऊन आली. तिच्याकडे घराची किल्ली होती. हॉलमध्ये येऊन तिने दोनदा हाक मारली, आतल्या खोल्या बघून आली आणि मग एकदम छातीवर हात ठेवून थांबली.

"काय गो हे, इथंच बसली होतीस?"

"समोरच तर आहे."

रुकय्याने शर्मिलाचा हात धरला आणि लगेच सोडला. "माझ्याकडं चल राहायला," जाताना ती म्हणाली. ते म्हणताना ती शर्मिलाच्या जरा बाजूला बघत होती.

त्यानंतर शर्मिला त्या सपातांकडे नीट कान देऊ लागली. बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. प्रत्येक दारात त्या थांबायच्या. पुन्हा बेडरूम. कपाट उघडल्याचा आवाज यायचा, मिटल्याचा यायचा. तिच्या खुर्चीसमोरून गारवा सरकत जायचा आणि पुढे निघून जायचा.

तो तिला शोधत होता.

"विश्वास, मी इथे आहे," ती म्हणाली. सपाता थांबल्या नाहीत. ती वाटेत जाऊन उभी राहिली. गारवा तिच्यातून आरपार गेला.

दुसऱ्या दिवशी धुळीचं वादळ आलं. खिडक्या पिवळ्या झाल्या. दुपारी नोईचा मेसेज आला. 'तुम्ही परत आलात ते सांगितलं का नाही? याय काळजी करते. तुम्ही रोज सकाळी पायऱ्यांवर येऊन बसता. भात दिला तर खात नाही. गाडी आली का, एवढंच विचारता.'

खाली फोटो होता. ओल्या लाकडी पायऱ्या, मागे धुकं, पुढ्यात भाताची टोपली. हिरवा कुर्ता घातलेली शर्मिला रस्त्याकडे बघत बसली होती.

हॉलमध्ये सपाता थांबल्या.

मग त्या तिच्या खुर्चीमागे आल्या. तिच्या खांद्यावरून कुणीतरी वाकलं. फोनच्या काचेवर वाफ धरली.

"अगं, तिथे आहेस होय," विश्वास म्हणाला. किती दिवसांनी सुटल्यासारखा, हलका आवाज होता.

तिने त्याला धरायला हात वर केला. हाताला काही लागलं नाही.

सपाता घाईने हॉल ओलांडून गेल्या आणि बाहेरच्या दाराची कडी निघाली.