पारोसा ढब्बू

खंडेनवमीच्या सकाळी चंद्रावरच्या आमच्या वसाहतीचं बाहेरचं दार उघडेना. बाबा सौरपट्ट्या पुसायला बाहेर गेले होते. आता ते दारापलीकडे उभे होते आणि त्यांच्या पोशाखात चाळीस मिनिटांपुरतीच हवा होती.

"बाबा गेले तेव्हा तर उघडलं होतं," मी म्हणाले.

"तेव्हा संगणकात जुनी कार्यप्रणाली होती," विजूआत्या म्हणाली. ती आमची अभियंता. हात चालले की तिचं तोंडही चालतं. "कार्यप्रणाली (सगळ्या प्रोग्रॅमना कामं आणि जागा वाटून देणारी मुख्य व्यवस्था) आपण तासाभरापूर्वी बदलली. दाराचा प्रोग्रॅम मात्र तीस वर्षांपूर्वीचाच. स्वयंपाकघर नव्याने लावलं, की सवयीने मिठाच्या डब्याकडे गेलेला हात रिकामाच परततो ना, तसं झालंय त्याचं."

"मग जुनं स्वयंपाकघर परत मांड ना."

"मांडता येतं, नव्याच्याच पोटात. त्याला आभासी संगणक म्हणतात (नव्या संगणकाने घेतलेलं जुन्या संगणकाचं सोंग). प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. पण त्यासाठी जुन्या प्रणालीची प्रत हवी, आणि आपण शहाण्यांनी..."

मला माहीत होतं. पूजेला एकही यंत्र पारोसं नको, म्हणून सगळ्यांनी एकूण एक यंत्र पुसून नवी प्रणाली घातली होती. राखीव संगणकही सोडला नव्हता. पृथ्वीवरून प्रत उतरवायला दोन तास लागणार होते.

"शालू, घाबरू नकोस गं," रेडिओवर बाबांचा आवाज आला. त्यांनाच धाप लागली होती. मला रडू फुटलं.

"आत्या, ढब्बू पारोसाच आहे," मी कबूल केलं.

ढब्बू माझा खेळण्यातला यंत्रमानव. पुसला तर तो मला विसरेल, या भीतीने मी त्याला अंथरुणात लपवलं होतं.

आत्या रागावली नाही. तिने ढब्बूला तार जोडली आणि त्याच्यात असलेली तीच जुनी प्रणाली संगणकात उतरवून घेतली. नऊ मिनिटं उरली असताना पडद्यावर जुनी निळी चौकट उमटली. तिच्या आत दाराचा प्रोग्रॅम मुकाट्याने कामाला लागला आणि दार सरकलं.

बाबा आत येऊन मटकन खाली बसले. मी त्यांचा हात धरला.

आत्याने संगणकावरची कागदी झेंडूची माळ काढून ढब्बूच्या गळ्यात घातली. "यापुढे आधी प्रत, मग पूजा," ती म्हणाली. "आजची प्रणालीही एक दिवस जुनी होईल, शालू. तेव्हा तिचं घर तू मांडशील."

मी मान डोलावली. ढब्बूला मात्र अजून कुणाला पुसू दिलेलं नाही.