टेपचं दुसरं टोक

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही.

ताई आर्किटेक्ट. शिक्षण संपल्यावर तिनं वर्गातल्या एका मित्राबरोबर छोटंसं ऑफिस थाटलं. मावशीनं त्याचं नाव ठेवलं लंबू. लंबू परमुलखातला, त्याची भाषा वेगळी. ताईला त्याच्या भाषेतले चार शब्द येत. त्याला आपली भाषा मोडकीतोडकी. "तो भिंत", "माझा खुर्ची" असं बोलायचा. बाकी सगळं कागदावर रेघा ओढून.

आधी गंमत वाटायची. मग थकवा यायला लागला. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, तरी नाही कळली की काढून दाखवायची.

"एवढं काम हातावेगळं झालं की वेगळे होतो," ताई मावशीला म्हणाली. "बोलून बोलून जीव मेटाकुटीला आलाय गं."

ते काम म्हणजे एक बंद पडलेला शिवणकारखाना. तिथं ऑफिसं करायची होती. दोघं भर दुपारी मोजमापं घ्यायला गेले. दिवस ढगाळ. संध्याकाळ व्हायला आली, तरी मागच्या खोल्या राहिल्याच होत्या.

शेवटच्या खोलीच्या दाराशी ताई टेपचं टोक धरून खाली बसली. लंबू टेपची डबी घेऊन आत गेला. तो आकडे सांगणार, ही लिहिणार.

आतून तो काहीतरी म्हणाला. त्याच्याच भाषेत. दमला की तो तिकडेच वळायचा.

ताई नुसतं "हं" म्हणाली.

मग बराच वेळ शांतता...

"ही भिंत सरळ नाहीये गं. थांब, परत मोजतो."

टेप ताणली गेली. आकडा आला. ताईनं लिहिला.

"खिडकी मागाहून फोडलेली दिसतेय."

पुन्हा आकडा. तिनं तोही लिहिला.

"दमलीस ना?"

"खूप रे."

"कळतंय मला."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी महिन्यांनी कुणाला तरी एका शब्दात कळलं होतं.

"आत ये. इथं काही समजावून सांगावं लागत नाही..."

ती उठली. चौकट ओलांडायला पाय उचलला.

तेवढ्यात मागच्या जिन्यावर पावलं वाजली. तिनं वळून पाहिलं.

लंबू. घामाघूम. हातात पेटलेली बॅटरी.

"माफ कर, उशीर झाला. मी सांगितला ना, आत अंधार, बॅटरी आणतो? तिकडून दुसरा दार आहे."

ताईनं आपल्या हाताकडे पाहिलं.

टेप अजून ताठ होती...

आणि आतून कुणीतरी ती हळूच ओढली.

तिनं टोक सोडलं. लंबूनं आत उजेड टाकला. खोली रिकामी. डबी मधोमध पडलेली. तो तर ती पलीकडच्या दाराशी ठेवून गेला होता.

दोघं टेप तिथंच टाकून बाहेर पडले. ते काम सोडलं. पुढं कुणी केलं, ताईनं चौकशीही केली नाही.

वेगळं व्हायचा विषय मात्र परत निघाला नाही. उलट लंबूनं आपल्या भाषेचा क्लास लावायचं म्हटलं, तर ताईच नको म्हणाली. "तू चुकतच बोल."

मी हे सगळं बऱ्याचदा ऐकलंय. पण एक गोष्ट मी परवाच विचारली.

"त्या आवाजानं आत बोलावलं, तेव्हा तू काही म्हणालीस का गं?"

ताईनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तोंडातून निघून गेलं रे सवयीनं..."

"काय?"

"थांब, आलेच."