उरानाईची लाल निशाणी

हे घडलेले आहे. पुरावा नसलेले वाक्य लिहिणे माझ्या पेशात बसत नाही. तसे मी एकदाच लिहिले आणि त्यातूनच हे सारे घडले.

चौदा जानेवारी. उत्तर जपानच्या होक्काइदो बेटावरचे उरानाई स्टेशन. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे.

रात्र नव्हती. आमच्याकडे जानेवारीत चारलाच अंधारते, एवढेच.

उरानाईहून शेवटची गाडी सुटली त्याला आठ वर्षे झाली. नगर कार्यालयाने इमारत पाडायचे ठरवले, तेव्हा गावातल्या बासष्ट घरांनी मंडळ काढले आणि स्टेशनात रेल्वेचे संग्रहालय उभे करायला घेतले. छपरावरचा बर्फ उतरवायच्या पाळ्या लागल्या. बायकांनी जुन्या किमोनोंच्या चाळीस गाद्या शिवून प्रतीक्षालयाच्या बाकांवर मांडल्या. तिकीटखिडकीजवळ सभासदांच्या नावांच्या लाकडी पाट्या टांगल्या. माणूस आला की काळ्या अक्षरांची बाजू पुढे, गेला की लाल. रेल्वेतली हजेरीची जुनी रीत.

गावाचे आपल्या इतिहासावर इतके प्रेम मी पाहिले नव्हते. त्या प्रेमाची अट एकच होती.

माझे काका ओनोदेरा हे इथले शेवटचे स्टेशनमास्तर आणि मंडळाचे अध्यक्ष. मी इतिहास शिकवते, म्हणून भिंतीवरचे फलक माझ्याकडे आले. इथून ओकुतोमा स्टेशनाकडे जाणारा बोगदा कुणी खणला, ते मला बौद्ध देवळाच्या मृत्यू-नोंदवहीत सापडले. बाहेरून कुलपे लावलेल्या बराकींत कोंडलेले मजूर. एका हिवाळ्यात सदतीस मेले. प्रत्येक नावापुढे कारण एकच... आजार.

सदतीस माणसे, एक बोगदा, एकच आजार. वैद्यकशास्त्राने याची दखल घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

मी ही नावे फलकावर घेतली आणि मंडळाची सभा भरली. चिटणीस हमायाबाई, वय एकाहत्तर, हसत म्हणाल्या, "प्रोफेसरीणबाई, लोक इथं नातवंडांना आगगाडी दाखवायला येणार. तुम्ही काय मुडदे दाखवता?"

सगळे हसले. त्या बराकींना कुणाच्या आजोबांनी तांदूळ पुरवला आणि कुलपांच्या किल्ल्या कुणाच्या आजोबांच्या कमरेला होत्या, हे कुणी बोलले नाही. नावे लागली तर निम्मी घरे मंडळ सोडतील, एवढे मात्र स्पष्ट सांगण्यात आले. मंडळ मोडले की स्टेशन पडणार. काकांनी फक्त माझ्याकडे पाहिले.

मी लिहिले : 'हा बोगदा अनेकांच्या परिश्रमांतून साकारला.'

तेच ते वाक्य.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघेच स्टेशनात होतो. काका, हमायाबाई आणि मी. बाहेर बर्फ पडत होता. शेगडीवर किटली होती.

मांडलेल्या वस्तूंत एक लाल लोखंडी पेटी होती. एकेरी मार्गाचे यंत्र. पलीकडचे स्टेशन घंटा देऊन विचारते, गाडी सोडू का? आपण उलट घंटा दिली की तिकडे एक पितळी चकती सुटते आणि ती घेऊन गाडी निघते. चकती आपल्या पेटीत पडेपर्यंत पेटीवरची निशाणी लाल राहते. मार्गात गाडी आहे, असा त्याचा अर्थ.

पेटीच्या तारा आठ वर्षांपूर्वी कापलेल्या. ओकुतोमा स्टेशन तर जमीनदोस्त झालेले.

किटलीचा आवाज थांबला.

आणि मग...

पेटीतली घंटा वाजली.

आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. पण काका स्टेशनमास्तर होते. एकेचाळीस वर्षे त्या घंटेला उत्तर देण्यात गेलेली. विचार करायच्या आत त्यांनी टाचा जुळवल्या, रेल्वेच्या रीतीप्रमाणे बोगद्याच्या दिशेने बोट रोखले, खणखणीत आवाजात म्हणाले, "मार्ग मोकळा."

आणि उलट घंटा दिली.

निशाणी लाल झाली.

"मास्तर," हमायाबाई हलकेच म्हणाल्या, "तुम्ही कुणाला बोलावलंत?"

काकांचे बोट अजून तसेच होते.

आम्ही थांबलो. रूळ वाजले नाहीत. दिवा दिसला नाही. फलाटावरच्या बर्फावर पाऊल उमटले नाही.

पण दाराजवळची गादी...

हळूच दबली.

मग तिच्या शेजारची. मग पुढची. कुणी थकून बसावे तशी एकेक गादी दबत गेली. मी मोजत होते. मोजण्याची सवय वाईट. सदतीस. तीनच फुगीर राहिल्या.

आम्ही तिघे उभे होतो.

मग त्या रिकाम्या बाकांवरून कुणीतरी खोकले.

पळालो नाही, हे शौर्य नव्हे. पाय उचलत नव्हते. काकांनी कपाट उघडले, सभासदांसाठी आणलेल्या कोऱ्या पाट्या काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"चिहाया, नावं लिही."

"काका, मंडळ मोडेल."

"गाडीला परवानगी मी दिली ना? मग आलेल्यांची हजेरी घ्यायला नको?"

मी पाठ असलेली नावे लिहीत गेले. एका बाजूला काळी, दुसऱ्या बाजूला लाल. काका पाटी टांगत, बोट दाखवून नाव मोठ्याने वाचत, काळी बाजू पुढे करत. प्रत्येक नावासरशी एक गादी वर येई. हमायाबाई दिवा धरून उभ्या होत्या. नवव्या की दहाव्या नावाला त्या रडू लागल्या. किल्ल्या त्यांच्याच आजोबांकडे होत्या, हे त्यांनी तेव्हा सांगितले.

छत्तीस पाट्या झाल्या.

सदतिसावे नाव नोंदवहीत ओल लागून पुसले गेले आहे. तिथे फक्त 'आजार' वाचता येते.

शेगडीजवळची एक गादी दबलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सभासद आले, पाट्या पाहिल्या, वाकून नमस्कार केले. कुणी आवाज चढवला नाही; आमच्याकडे तशी पद्धत नाही. संध्याकाळपर्यंत चाळीस घरांनी आपापल्या पाट्या काढून, रुमालात बांधून, घरी नेल्या. उरलेल्यांना बर्फ उपसणे झेपत नाही, तरी हमायाबाई रोज फावडे घेऊन येतात. छप्पर एका बाजूने वाकले आहे. वसंतात इमारत पाडण्याची नोटीस पुन्हा आली आहे.

काका आता स्टेशनातच राहतात. निशाणी लाल असताना स्टेशनमास्तरने स्टेशन सोडायचे नसते. गाडी अजून मार्गात आहे, असे त्यांनी नगर कार्यालयाला रीतसर लेखी कळवले.

मी नोंदवहीचे ते ओल लागलेले पान दिव्यासमोर धरून पाहिले. दुसऱ्या दोन देवळांच्या वह्या चाळल्या. बराकींच्या मालकाची कागदपत्रे मागितली. ती नाहीत, असे मला अतिशय सभ्य उत्तर आले.

रोज चार वाजून दहा मिनिटांनी काका फोन करतात.

"नाव मिळालं?"

"नाही, काका."

"बरं. मग आम्ही थांबतो."

काका तिथे एकटेच असतात. 'आम्ही' कोण, हे मी विचारलेले नाही.

काल त्यांनी फोन ठेवण्याआधी... त्यांच्या अगदी जवळ...

कुणीतरी खोकले.