मागचा कार्बोरेटर

साठी उलटली तसे गुलाबराव तायड्यांचे डोळे अधू झाले, गुडघे कुरकुरायला लागले. कान मात्र तिखट राहिले, आणि त्या कानांचा त्यांना भारी तोरा होता. भुसावळहून बदली होऊन जयपुरात आलेले हे रेल्वेचे फिटर निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांची इंजिनं लावून देत. दोन कार्बोरेटरची गाडी असली की आपल्यावाचून शहरात पान हलत नाही, असं ते स्वतःच चारचौघांत सांगत.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत, जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, बनी पार्कातल्या कौशिकजींचा निरोप आला. त्यांच्या वडिलांची चोपन्न सालची काळी विलायती गाडी लंगडत चालत होती. इकडे विद्याधर नगरच्या घरी बायकोचा, म्हणजे इंदुबाईंचा, दमा तीन दिवस उसळलेला. गुलाबराव हत्यारांची पिशवी घेऊन उंबऱ्यातच घुटमळले. "जा तुम्ही, मी काय पळून चालले का," असं इंदुबाई म्हणाल्या, पण एवढ्याशा वाक्यात तीनदा थांबल्या. गुलाबरावांनी शेजारच्या रूपालीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ते गेले. जायला नको होतं, हे आता सगळ्यांनाच कळतं.

गॅरेज बंगल्याच्या पार मागे होतं. आत उंदरांचा आणि जुन्या कातड्याचा कुबट वास. गाडीची गंजकी टाकी काढून ठेवलेली होती, म्हणून गुलाबरावांनी पेट्रोलची बाटली बॉनेटला उलटी टांगली आणि नळी इंजिनाला जोडली. रुग्णालयात सलाइन लावतात तशी. कौशिकजी रिकामा कॅन घेऊन पेट्रोल आणायला आणि मिरवणुकीचा नंबर घ्यायला गेले. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर कबुतरं घुमत होती, तीही एकाएकी गप्प झाली.

दोन कार्बोरेटर म्हणजे इंजिनाच्या दोन नाकपुड्याच. दोन्हींनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी इंजिन चालू ठेवून दोघांना जोडणारा दांडा आधी सैल करायचा, रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं आपल्या कानाशी धरायचं, आणि दोन्हीकडचा फुसकारा एक होईतो स्क्रू फिरवायचे. पुढच्याचा आवाज स्वच्छ होता, सरळ आणि एकसारखा. गुलाबरावांनी नळी मागच्याकडे नेली.

तिथे फुसकारा नव्हता. तिथे कुणीतरी धापा टाकत होतं. आधी एक बारीक शिट्टी, मग अडकल्यासारखा एक ठसका, मग पुन्हा शिट्टी.

कुठून तरी हवा शिरत असेल, म्हणून त्यांनी सगळे सांधे तपासले. सांधे चोख होते. त्यांनी पुन्हा नळी लावली. ही शिट्टी ते अडतीस वर्षं उशाशी ऐकत आले होते.

त्यांनी मोबाइल काढून रूपालीला लावला, आणि तिचा फोन इंदुबाईंच्या नाकाशी धरायला सांगितला. उजव्या कानाला फोन, डाव्या कानाला नळी. शिट्टी, ठसका, शिट्टी... दोन्हीकडे एकाच वेळी. जरासुद्धा मागेपुढे नाही.

का कुणास ठाऊक, त्यांचा हात स्क्रूकडे गेला. पाव फेरा दिला. डाव्या कानातली शिट्टी पातळ झाली, उजव्या कानातलीही झाली. आणखी पाव फेरा. ठसका गेला. पुढचा आणि मागचा आवाज एक झाला, तसा त्यांनी दांडा घट्ट आवळला. इंजिन लोण्यासारखं चालू लागलं, आणि फोनवर रूपाली हसत होती.

"काका, काकू उठून बसल्या. मतलब, एकदम ठीक आहेत. चहा मागतायत."

गुलाबरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरला जमलं नाही ते या कानांनी केलं, असंही मनात येऊन गेलं. तोरा मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

पण मनाला चैन पडेना. हा योगायोगच, एवढं एकदा ठरवून घ्यावं म्हणून त्यांनी नेहमीची परीक्षा केली. मागच्या कार्बोरेटरमधला दट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने केसभर उचलला. इंजिन अडखळलं. फोनमध्ये कप फुटल्याचा आवाज आला, आणि इंदुबाई गळा आवळल्यासारख्या घुसमटल्या. गुलाबरावांनी झटकन हात काढला. इंजिन सावरलं. त्याही सावरल्या.

मग त्यांची नजर बाटलीकडे गेली. तीन बोटं पेट्रोल उरलं होतं.

काकूंना दवाखान्यात घेऊन जा, असं त्यांनी रूपालीला सांगितलं. काकू तर आता बऱ्या आहेत, ठसका लागला होता फक्त, असं ती म्हणाली. काय सांगणार तिला? फोन चालूच ठेव म्हणाले, मग कौशिकजींसाठी तोही कापावा लागला. कौशिकजींचा फोन लागेना. गुलाबराव फाटकापर्यंत धावले. रस्ता रिकामा, पंप त्यांच्या गुडघ्यांनी वीस मिनिटांवर. ते परत आले. पेट्रोल पुरवावं म्हणून इंजिन जरा हळू करू बघितलं, तर नळीत शिट्टी उमटली. त्यांनी स्क्रू होता तिथे आणला. इंजिनं अख्खा जन्म लावली, पण असं नुसतं बघत उभं राहण्याची पाळी कधी आली नव्हती. दोन बोटं. एक बोट. बाटलीच्या गळ्यात एक बुडबुडा चढला.

इंजिन आणखी मिनिटभर चाललं, मग दोन आचके देऊन थांबलं.

गॅरेजमध्ये इतकी शांतता झाली की तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकू येत होती. फोन वाजला. "काका... काकू बोलत नाहीयेत... काका, ऐकताय ना..." रूपाली रडत होती.  गुलाबरावांच्या हातातून फोन खाली पडला.

किती वेळ गेला कळलं नाही. हात सवयीने नळीकडे गेला. मेलेल्या इंजिनात काय ऐकायचं होतं, देव जाणे. त्यांनी नळी मागच्या कार्बोरेटरला लावली.

श्वास चालू होता.

शिट्टी नाही, ठसका नाही. गाढ झोपलेल्या माणसाचा संथ श्वास. आत जात होता, आणि बाहेर येत होता. कार्बोरेटर हवा फक्त ओढतो, तो बाहेर कधी टाकत नाही. गुलाबरावांनी त्याच्या तोंडाशी तळहात धरला. हाताला ऊब लागली, ओल लागली. वास पेट्रोलचा नव्हता. नीलगिरीचं तेल ते रोज रात्री इंदुबाईंच्या छातीला चोळत, त्याचा होता.

बायकोचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. ते नळीत हलकेच म्हणाले, "अगं..."

श्वास थांबला. हाक ऐकून माणूस थांबतं तसा. मग पुन्हा सुरू झाला, पण आता घाईघाईने.

मागे पावलं वाजली. उशीर झाला, रस्त्यात फार गर्दी होती, असं हिंदीत सांगत कौशिकजी आले. त्यांनी भरलेल्या कॅनमधून बाटली भरून पुन्हा टांगली. मिस्त्रीजींचा हात कार्बोरेटरवर आहे, म्हणजे काम चालू आहे असंच त्यांना वाटलं. ते गाडीत बसले.

हात तिथेच ठेवला तर तिचा श्वास कोंडत होता. हात काढला, तर सुरू झालेलं इंजिन पहिल्या झटक्यात तो आत ओढून जाळून टाकणार होतं.

"स्टार्ट करूँ, मिस्त्रीजी?"

गुलाबरावांनी नको म्हणून मान हलवली, पण उघड्या बॉनेटमागे ती कौशिकजींना दिसली नाही. तळहातावरचा श्वास वेगाने येत होता, आणि त्यांच्या बोटांना आतून कुणीतरी घट्ट धरलं होतं.