दहा नंबरचा पाना

मोबाइल उपडे ठेवा आणि ऐका. मध्येच "खरं का?" विचारायचं असेल त्यानं आत्ताच उठून झोपायला जावं. माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे, आणि त्यानं ती मला एकदाच सांगितली.

साडू विमानं दुरुस्त करायचा. मोठी नव्हेत. पोरं ज्यावर उडायला शिकतात ती, दोन माणसांची, फुगलेल्या डासासारखी. शाळेकडे तशी चार होती. त्या गुरुवारी रात्री जेवणं आटोपल्यावर त्याच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, ओट्यापाशी तोंड सोडलं. घरातले तीन डबे हँगरमध्ये जाऊन बसलेत, उद्या जेवण काय खिशात घालून नेणार, असं तिचं म्हणणं. एरवी साडूनं दोन शब्द उलटे दिले असते. त्या रात्री मुकाट्यानं किल्ली घेतली आणि सायकल काढली. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. चंद्र नव्हता.

मुकाट्यानं का, ते सांगतो.

हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, भिंतीवर एक पांढरी फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगानं काढलेली. काम झालं की पक्कड पकडीच्या आकृतीवर, पाना पान्याच्या आकृतीवर टांगायचा. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली तर ते हत्यार सापडेपर्यंत एकही विमान हलायचं नाही. कारण ते विमानाच्या पोटात राहिलं असेल तर... कळलं ना.

आदल्या शुक्रवारी संध्याकाळी शाळेचा दहा नंबरचा पाना जागेवर नव्हता. साडूनं त्या दिवशी तीन विमानं उघडली होती. तिन्ही परत उघडायची म्हणजे रात्रीचे अकरा. इकडे घरी पाहुणा येऊन बसलेला, दर पाच मिनिटांनी फोन करून डोकं खाणारा. तो पाहुणा मीच. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

साडूच्या सायकलला अडकवलेल्या पिशवीत त्याच्या बापाचा दहा नंबरचा पाना असायचा. म्हातारा सायकली दुरुस्त करायचा. आपलं हत्यार ओळखू यावं म्हणून त्यानं दांड्यावर कानशीनं तीन खाचा पाडल्या होत्या. साडूनं तोच पाना, खाचा भिंतीकडे करून, फळीवर टांगून दिला. सकाळी लवकर येऊन खरा शोधू, असं ठरवलं आणि घरी आला. मग आम्ही दोन वाजेपर्यंत पत्ते कुटले. सकाळी त्याला जाग आली नाही.

पोचला तेव्हा एक शिकाऊ पोरगी निघायच्या तयारीत होती. आयुष्यात पहिल्यांदा एकटी उडणार होती. तिची एक सवय होती. बोटाच्या पेरानं पत्रा ठोकत विमानाभोवती फिरायची, नाकापासून शेपटापर्यंत, आणि मग साडूला विचारायची, "काका, सगळं जागेवर आहे ना?" त्याही दिवशी विचारलं. साडूनं फळीकडे बघितलं. म्हणाला, "सगळं जागेवर."

सव्वासातला विमान उडालं, झाडांच्या वर गेलं आणि नाक खाली करून समोरच्या शेतात पडलं. पोरगी जागीच गेली. शेपटाचा भाग तेवढा धड राहिला. तो मागच्या खोलीत ठेवून खोलीच्या दाराला आणि शेपटाच्या झाकणालाही लाखेचं सील ठोकलं. शुक्रवारी सकाळी चौकशीचा साहेब येऊन ते फोडणार होता. तोवर सगळे एकच म्हणत होते, पोरगी घाबरली, विमानाचा दांडा उलटा दाबला. तिचा बाप रोज फाटकाशी येऊन उभा राहायचा. माझी पोर घाबरणाऱ्यातली नव्हती, एवढंच म्हणायचा. साडू मागच्या वाटेनं ये-जा करायचा.

तर गुरुवारी रात्री साडूनं हँगरचं कुलूप काढलं. एकच ट्यूब लावली. तीन विमानं उभी. चौथ्याची जागा रिकामी. डबे कपाटावर होते, ते त्यानं पिशवीत भरले.

टक.

पत्र्यावर पेर वाजावं तसं. त्यानं मागे पाहिलं. कुणी नाही. रात्री पत्रा गार होतो, वाजतो.

टक... टक.

आवाज विमानांकडून येत नव्हता. रिकाम्या जागेतून येत होता. जिथं नाक असायचं, तिथून. मग पंखापाशी. मग पंखाच्या मागे. सावकाश. काही बघायचं राहू नये, अशा बेतानं.

शेपटापाशी थांबला.



"काका..."

...

"सगळं जागेवर आहे ना?"

 हे सांगताना साडू म्हणाला, खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं रे. जीभ आपली आपणच वळली.

"सगळं जागेवर."

ट्यूब एकदा गेली. परत लागली.

फळीवर दहा नंबरचा पाना हलत होता. थोडासाच. टांगून नुकताच हात काढावा तसा. त्यावरून शेतातला चिखल ओघळत होता. साडूनं तो उलटा केला. खाचा नव्हत्या. शाळेचा शिक्का होता.

बापाचा पाना त्यानं जमिनीवर शोधला. सायकलच्या पिशवीत शोधला. नव्हता.

आता माणसाची जात बघा. घरी पोचेपर्यंत त्याची भीती उतरली आणि त्याला बरं वाटायला लागलं. शाळेचा पाना फळीवर आला, म्हणजे शेपटात आता काही नाही. नोकरी वाचली. पोरीचं काय, ती तर गेलीच आहे. असा विचार करून तो झोपला. माझा साडू आहे, तरी सांगतो.

सकाळी साहेबानं फळी तपासली. एकही आकृती रिकामी नव्हती. साडूनं जबाब दिला, त्या दिवशी सगळी हत्यारं जागेवर होती, आणि खाली सही ठोकली. पोरीचा बाप भिंतीला टेकून ऐकत होता.

मग सगळे मागच्या खोलीपाशी गेले. साहेबानं दोन्ही सीलं सगळ्यांना दाखवली. लाखेला चीरसुद्धा नव्हती. फोडली. शेपटाचं झाकण काढून त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. नाक वर-खाली करणाऱ्या तारेत काहीतरी रुतलंय, म्हणाला. ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं.

जुना, काळा पडलेला पाना. दहा नंबरचा. साहेबानं तो साडूच्या जबाबावर ठेवला.

 पोरीचा बाप पुढे झाला. त्यानं दांड्यावरून हळूच बोट फिरवलं.

"तीन खाचा आहेत," तो म्हणाला. "हा कुणाचा?"