एकसारखे डबे

एसटीनं आलेला डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि प्रश्न पडला, आई गवारीत गूळ कधीपासून घालायला लागली? अर्धी भाकरी संपली, तेव्हा उत्तर समोर येऊन उभं राहिलं.

"अवो... तो डबा माझा हाय."

साखर कारखान्यानं सगळ्या सभासदांना एकसारखेच डबे वाटलेले. माझा शेळगावहून यायचा, त्याचा लासुर्ण्याहून. बारामतीच्या स्टँडवर कंडक्टरनं डबे उतरवले आणि मी हाताला लागेल तो उचलला. लाजेनं अगदी मेल्यासारखं झालं.

"ऱ्हाऊ द्या, खावा आता. मी तुमचा खातो," तो हसला. नाव सिद्धू. माझ्यासारखाच सीईटीच्या अभ्यासाला आलेला.

ते नव्व्याण्णव साल. मागल्या वर्षी माझं मेडिकल हुकलं होतं आणि आप्पांनी बजावलं होतं – आता एकच वर्ष, मग स्थळं बघणार. खोलीवर मी एकटीच. दिवसचे दिवस तोंड उघडायची वेळ यायची नाही. त्यात त्या मेल्या ग्रंथी आणि हार्मोन्स काही केल्या डोक्यात राहत नव्हते.

मग रोज साडेअकराच्या गाडीची वाट बघताना सिद्धू विचारायचा, "किडनीच्या डोक्यावर टोपीगत कोण बसलीय?"

"अ‍ॅड्रिनल."

"छाती धडधडती, तोंडाला कोरड पडती..."

"अ‍ॅड्रेनलिन. सोप्पंय."

"व्हय? मग मला रोज साडेअकरालाच का हुतंय ते?"

मी पुस्तकात तोंड खुपसलं. गाडी आज उशिरा यावी, असं वाटत राहिलं.

निकाल लागला. सिद्धूला मिरजेचं मेडिकल कॉलेज मिळालं. मला चार मार्क कमी पडले.

मी गावी निघाले, तर तो स्टँडवर आला. "सारजा, मी आप्पांना भेटू? न्हायतरी स्थळंच बघायचीत, तर..."

किती सोपं होतं! 'व्हय' अगदी ओठांवर आलं होतं.

"तू मला लई आवडतोस," मी बोलूनच टाकलं. "पर आत्ता न्हाय. मला डॉक्टर व्हायचंय, सिद्धू. आप्पांकडं अजून एक वर्ष मागणार हाय."

"देतील?"

"ठाऊक न्हाय."

त्यानं माझी पिशवी उचलून हातात दिली. मग हळूच म्हणाला, "थांबू मी?"

"थांब."

गाडी सुटली. सिद्धूच्या लासुर्ण्याचा फाटा आला आणि मला रडू आवरेना.

"म्हायेर सुटलं का गं बाय?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

मी नुसतीच मान हलवली आणि घाईघाईनं डोळे पुसले. पुढं शेळगाव येणार होतं. आप्पांसमोर रडून चालणार नव्हतं.